ओढ्याकाठचा पोल

सोमेश्वर : ते मला कळलं, शिवकन्या. तू दांडा लावला म्हणून प्रविण वाचला, हे आता केजपर्यंत सगळ्यांना म्हाईत झालंय. मी विचारतोय ते वेगळंच हाय. लाईन चालू असंल अशी तुला शंका आली, मग तू तोंडानं कावून न्हाई सांगितलं? मी तुझ्यापासून पाच पावलांवर उभा होतो.

शिवकन्या : अण्णा, आधी सावलीत तर या. दारातच उभे ऱ्हायलात.

सोमेश्वर : बसायला न्हाई आलो. तीन दिवस झाले, घास गिळंना. नऊ वर्षं झाली, ह्या टीमचा मुख्य हाय मी. नऊ वर्षांत कुणावर आवाज चढवला का? सांग.

शिवकन्या : न्हाई चढवला.

सोमेश्वर : शिवी दिली कुणाला?

शिवकन्या : न्हाई.

सोमेश्वर : कुणाची सुट्टी अडवली? तुझ्या भावाच्या लग्नाला तू चार दिवस मागितले, मी सहा दिले.

शिवकन्या : दिले की. मी कुठं न्हाई म्हणते?

सोमेश्वर : मग? काल दवाखान्यात गेलतो, प्रविणकडं. टाचेचं हाड मोडलंय. पाय एवढा मोठा बांधून ठेवलाय. आन मलाच म्हणतो, 'अण्णा, चूक माझीच हाय, बघून चढायला पायजे होतं.' आता तारेकडं बघून काय दिसणार हाय? वीज काय डोळ्यानं दिसती? सबस्टेशनला फोन मी लावला. 'गावठाणची लाईन बंद करा' असं मी बोललो. आन चूक त्याची? मला तर काईच कळंना झालंय.

शिवकन्या : ओढ्याकाठचा पोल गावठाणच्या लाईनवर ऱ्हायलाच न्हाई, अण्णा. तीन आठवड्यांमागं आमीच तो शेतीपंपाच्या लाईनवर घेतला. तुमी तवा लिंबागणेशला भाचीच्या लग्नाला गेलता.

सोमेश्वर : हे मला कधी कळलं? प्रविण खाली पडल्यावर! मी लग्नावरून आलो तवा...

शिवकन्या : आलात तवा तुमी विचारलं...

सोमेश्वर : विचारलं ना! गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, 'सगळं ठीक हाय ना?' तू होतीस, बद्रीनाथ होता, प्रविण होता. तिघंबी 'हाव अण्णा' म्हणलात.

शिवकन्या : ठीकच होतं की. काम झालतं, लाईन सुरू होती. तुमी विचारलं आन फोनवर बोलत आत गेलात.

सोमेश्वर : मग मागं यायचं. हाक मारायची. मी काय वाघ हाय का?

शिवकन्या : वाघ न्हाई, पण...

सोमेश्वर : पण काय? घाबरता मला?

शिवकन्या : घाबरत न्हाई, ते...

सोमेश्वर : मग मान देता म्हणून बोलत न्हाई? अगं, मानानं माणूस मरत असंल, तर काय कामाचा तो मान? बरं, ते सोड. त्या दिवशी तुझ्या मनात काय आलं, तेवढं सांग. तू गाडीकडं पळत गेलीस. मी म्हणलं, हिची पाण्याची बाटली ऱ्हायली असंल.

शिवकन्या : ऱ्हाऊ द्या अण्णा. झालं ते झालं.

सोमेश्वर : ऱ्हाऊ कसं देऊ? तू बदलीचा अर्ज टाकला, हे मला साहेबांकडून कळलं. ज्या पोरीनं माणूस वाचवला, ती टीम सोडून चालली. आन मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. हेबी न्हाई सांगितलं!

शिवकन्या : तुमी थांबलात तर बोलते.

(सोमेश्वर उंबऱ्यावर बसतो. घरातून भांड्यांचा आवाज येतो.)

शिवकन्या : तुमी फोनवर 'गावठाण' म्हणलात, ते मी ऐकलं. बद्रीनाथभाऊनं बी ऐकलं. आमी एकमेकांकडं बघितलं. मला आधी वाटलं, बोलावं. मग वाटलं, अण्णा इतकं ठाम बोलत्यात, म्हणजे आपल्यालाच काई म्हाईत नसंल. आपण नसताना पोल परत गावठाणवर घेतला असंल. त्यांना वरून कळलं असंल. खरं सांगते, मला तुमचं चुकतंय असं वाटलंच न्हाई. माझंच चुकतंय असं वाटलं.

सोमेश्वर : मग दांडा आणायला कावून पळालीस?

शिवकन्या : ते मलाबी कळलं न्हाई. तुमी म्हणलता, 'दांडा ऱ्हाऊ दे गाडीत, लाईन बंद झालीय, उशीर होतोय.' प्रविण शिडीवर चार पायऱ्या चढलता. माझे पाय आपोआप गाडीकडं गेले. वीज जमिनीत उतरवायचा तो अर्थिंगचा दांडा तारेला टेकवला आन एवढा मोठा जाळ झाला. आवाजानं प्रविणनं उडी मारली. बोलायची हिंमत न्हवती, पण दांडा लावायची होती. असं कसं, ते मला विचारू नका. तीन दिवस मीबी तेच विचारतेय सोताला.

सोमेश्वर : हिंमत कावून न्हवती? मी काय केलंतं?

शिवकन्या : तुमी काई वाईट केलं न्हाई. बद्रीनाथभाऊचं आठवतंय? मागच्या गणपतीत त्यांनी तुमाला सांगितलं, शाळेजवळच्या पोलवरचा, तार बांधायचा चिनीमातीचा गट्टू तडकलाय.

सोमेश्वर : आठवतंय. मी सोता चढलो आन बदलला. पावसात!

शिवकन्या : हाव. तुमी म्हणलात, 'तू ऱ्हाऊ दे, मी बघतो.' लई छान बदलला. मग म्हैनाभर प्रत्येक पोलवर तुमीच चढलात. बद्रीनाथभाऊ खाली दोर धरून उभे. बावीस वर्षं झाली त्यांना लाईनवर. त्यांनी गट्टू दाखवला, आन त्यांचं कामच गेलं हातातून.

सोमेश्वर : अगं, त्याचं वय झालंय. त्याला त्रास नको म्हणून...

शिवकन्या : ते मला म्हाईत हाय. पण त्यांना कुणी सांगितलं?

सोमेश्वर : आन तुझं? तुझं तर मी कौतुकच केलं. तू नवीन आलीस तवा पोलचा नंबर चुकलेला धरलास. मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, ही पोरगी लई हुशार हाय, हिच्याकडनं शिका.

शिवकन्या : तवापासून मला सगळे 'हुशार' म्हणत्यात. चहा द्यायचा असला तरी, 'हुशारबाईला आधी द्या.' त्यानंतर तोंड उघडायचं म्हणलं, की आधी इचार येतो, आता परत सगळ्यांना बोलावतील.

सोमेश्वर : म्हणजे शिवी द्यायची न्हाई. मदत करायची न्हाई. कौतुकबी करायचं न्हाई. मग माणसानं करायचं तरी काय?

शिवकन्या : मला न्हाई म्हाईत, अण्णा. मला फक्त एवढंच कळलं, की पुढच्या वेळी माझे पाय गाडीकडं जातील का न्हाई, ह्याची मला खात्री न्हाई. म्हणून अर्ज टाकला.

सोमेश्वर : साहेबांनी बुधवारपर्यंत खुलासा मागितलाय. म्हणले, लिही, की पोलची लाईन बदलल्याचं कर्मचाऱ्यांनी तुला कळवलं न्हाई.

शिवकन्या : खरंच हाय ते.

सोमेश्वर : खरं हाय, तेच तर अवघड झालंय. लिहिलं तर तुझी चौकशी लागंल. आन प्रविण, बद्रीनाथ कंत्राटी. त्यांना चौकशीबी न्हाई, सरळ घरी.

शिवकन्या : न्हाई लिहिलं तर तुमी घरी.

सोमेश्वर : हूं.

शिवकन्या : पाणी तरी प्या, अण्णा.

* * *

तात्याबा : आरं सोम्या! माजलगावला कसा काय उगवलास? रिटायर होऊन नऊ वर्षं झाली मला, एक डाव तोंड दाखवलं न्हाईस. आन आज मोटारसायकल थेट उसाच्या बांधावर?

सोमेश्वर : एक विचारायचं हाय, तात्या.

तात्याबा : इचार. पर मोठ्यानं इचार, डावा कान गेलाय माझा.

सोमेश्वर : तुमी आमाला रोज शिव्या द्यायचा. पहिल्या वर्षी मी घरी जाऊन रडायचो, हे तुमाला म्हाईत न्हाई. तवाच ठरवलतं, आपण मुख्य झालो तर असं वागायचं न्हाई. तसा वागलोबी न्हाई. तरी माझी माणसं माझ्यापाशी बोलंनात. आन तुमच्यापाशी सगळं सांगायची. कुठं तार लोंबती, कुठला स्विच अडकतो, कुणाची बायको रुसली. तुमच्यात असं काय होतं?

तात्याबा : काय होतं, न्हवं. काय नव्हतं, ते इचार बे.

सोमेश्वर : म्हणजे?

तात्याबा : मला वाचता येत नव्हतं.

सोमेश्वर : चेष्टा करू नका.

तात्याबा : चेष्टा कशाला? रोजंदारीवर लागलो, कायम झालो, मुख्य झालो. सही तेवढी शिकलो. पोलवरचा नंबर मला वाचता येईना, रजिस्टर वाचता येईना. म्हणून रोज सकाळी एकेकाला इचारायचो, 'काय बे, आज कुठं जायचं? कोणती लाईन बंद करायची? तूच बोल फोनवर.' तुमाला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतोय.

सोमेश्वर : आमी रात्री पाठ करून यायचो, तात्या.

तात्याबा : मालूम हाय मला. तुमी पाठ करायचा म्हणून माझी नोकरी निघाली.

सोमेश्वर : आन शिव्या?

तात्याबा : शिव्या कशाला? कुणी उलटं इचारू नये म्हणून. ज्याला भ्या वाटतं, तोच जास्त ओरडतो.

सोमेश्वर : म्हणजे मला सगळं येतंय, हीच माझी चूक?

तात्याबा : ते मला काय म्हाईत? येणं वाईट कसं आसंल? मी तुला माझा नमुना घ्यायला सांगत न्हाई. माझाबी हिशेब साफ न्हाई, सोम्या. भागवत आठवतोय?

सोमेश्वर : कसा इसरंल? खांद्यावर आणलाय त्याला मी. पट्टा न तपासता चढला आन वरून पडला.

तात्याबा : असं कागदावर हाय.

सोमेश्वर : म्हणजे?

तात्याबा : त्या दिवशी सकाळी आलता तो माझ्याकडं. पट्टा घेऊन. म्हणला, 'तात्या, शिवण उसवलीय, दुसरा द्या.' दुसरा पट्टा आणायला बीडला माणूस धाडावा लागला आसता. त्या दिवशी आमदाराची सभा, मला वरून तीन फोन. मी त्याला सगळ्यांम्होरं झाडला. काय काय बोललो, ते आता तोंडातून निघत न्हाई. दुपारी तोच पट्टा बांधून चढला.

सोमेश्वर : तात्या, मी तिथं होतो सकाळी. तुमी त्याला शिव्या दिल्या, हे मला आठवतंय. कशाबद्दल, ते कधी कळलं न्हाई.

तात्याबा : कुणी इचारलंच न्हाई. कागद साहेबानं टाईप करून आणला. 'कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.' त्यानं मला वाचून दाखवला बे. मला वाचता येत नव्हतं, पर ऐकायला तर येत होतं. मी म्हणलो, कुठं सही करू?

सोमेश्वर : भागवतच्या घरी म्हाईत हाय हे?

तात्याबा : भामाबाईला? न्हाई. त्याची बायको म्हणती, माझा माणूस बेफिकीर होता. अठरा वर्षं झाली, तेच म्हणती. मी त्यांच्या गल्लीतून जात न्हाई.

सोमेश्वर : तात्या, बुधवारी मलाबी कागद द्यायचाय.

तात्याबा : म्हाईत हाय. माजलगावात काय पेपर येत न्हाईत का? म्हणून तर बोललो. न्हाई तर कशाला बोललो असतो?

सोमेश्वर : मग काय लिहू? तुमी सांगा.

तात्याबा : बघ. परत मलाच इचारतोस. ज्याला वाचता येत न्हाई, त्याला!

सोमेश्वर : तुमी हसताय, तात्या. माझं डोकं बंद पडलंय.

तात्याबा : हसत न्हाई. ऊस खा एक कांडं. मग जा.

* * *

शिवकन्या : हे मला कावून देताय, अण्णा?

सोमेश्वर : फोन हाय. सबस्टेशनला तू लाव.

शिवकन्या : मी? तुमचा घसा बसलाय का?

सोमेश्वर : घसा ठणठणीत हाय. बद्रीनाथ, ह्या ओढ्याकाठच्या पोलवर तू चढणार ना आज?

बद्रीनाथ : मी? तुमी चढणार न्हाईत?

सोमेश्वर : न्हाई. तू चढणार. मग बंद काय काय करायचं, ते तू सांग. शिवकन्या फोनवर बोलंल.

बद्रीनाथ : तुमी सांगाल ते बंद करू.

सोमेश्वर : मी न्हाई सांगणार.

बद्रीनाथ : मग मी चढू कसा? अण्णा, आमचं काई चुकलंय का? प्रविणच्या पडण्यावरून राग हाय का मनात? तसं आसंल तर सरळ बोला. उद्यापासून येऊ नको म्हणा. मी कंत्राटी माणूस, मला कळतं.

सोमेश्वर : राग न्हाई बाबा. कसं सांगावं तुला... मलाबी नीट जमंना हे.

शिवकन्या : अण्णा, खुलासा दिला का?

सोमेश्वर : सकाळीच दिला.

शिवकन्या : काय लिहिलं?

सोमेश्वर : चार वाक्यं. तीन आठवड्यांमागं पोलची लाईन बदलली. रजेवरून आल्यावर मी रजिस्टरातली नोंद बघितली न्हाई. बंद करायची लाईन मी फोनवर चुकीची सांगितली. अर्थिंगचा दांडा गाडीत ठेवायला मी सांगितलं आन तंत्रज्ञ शिवकन्या यांनी तो माझं न ऐकता लावला.

शिवकन्या : आमी सांगितलं न्हाई, हे?

सोमेश्वर : ते लिहिलं न्हाई.

शिवकन्या : ते पण खरं होतं, अण्णा.

सोमेश्वर : खरं होतं. पण ते कावून झालं, हे मला अजून नीट कळलेलं न्हाई. जे कळलं न्हाई, ते दुसऱ्याच्या नावावर कसं लिहू?

बद्रीनाथ : साहेब काय म्हणले?

सोमेश्वर : कागद दोनदा वाचला. म्हणले, असा खुलासा कुणी देत न्हाई. पुढं पाठवतो म्हणले. काय होईल ते होईल. बहुतेक मुख्यपण जाईल माझं.

बद्रीनाथ : मग आमच्यावर कोण येणार?

सोमेश्वर : ते नंतर बघू. आता पोल बघू. सांग, बद्रीनाथ.

बद्रीनाथ : शेतीपंपाची बंद करायची.

सोमेश्वर : हं.

शिवकन्या : लावू का फोन?

सोमेश्वर : थांब. तो अजून वर बघतोय.

बद्रीनाथ : आन... गावठाणचीबी.

सोमेश्वर : दोन्ही? दोन्ही कशाला, गावातले पिठाच्या गिरणीवाले बोंब... बरं. बोल. कावून?

बद्रीनाथ : गावठाणच्या तारा हितून आडव्या जात्यात. वर चढून हात उचलला, की दोन-अडीच फुटांवर येत्यात. मी आजवर वाकून काम केलंय तिथं. जमतं तसं. पर शेतीपंपाची एकटी बंद करून चढणं बरोबर न्हाई.

सोमेश्वर : वाकून? किती वर्षं?

बद्रीनाथ : असतील सहा-सात.

सोमेश्वर : बद्रीनाथ, अरे... बरं. शिवकन्या, लाव फोन. दोन्ही सांग.

शिवकन्या : हॅलो, मी शिवकन्या बोलतेय. न्हाई, अण्णा हायत इथंच, मीच बोलतेय. शेतीपंप आन गावठाण, दोन्ही बंद करा. हाव, दोन्ही. नाव लिहा माझं. परत म्हणून दाखवा काय लिहिलं ते... हां. झालं अण्णा. दोन्ही बंद केल्या त्यांनी. मी दांडा आणते.

सोमेश्वर : आण. आन शिवकन्या, ते अर्जाचं...

शिवकन्या : अर्ज हाय तिथंच हाय, अण्णा. अजून काई ठरवलं न्हाई मी.

सोमेश्वर : बरं. तुझं तू ठरव.

बद्रीनाथ : अण्णा.

सोमेश्वर : बोल.

बद्रीनाथ : न्हाई, ते... काम झाल्यावर सांगतो.

सोमेश्वर : मी उभा हाय हितंच.

बद्रीनाथ : ओढ्यापलीकडं आंब्याखाली जो पोल हाय ना, त्याची ताणाची तार ढिली पडलीय. वारं आलं की पोल हलतो. खाली अंजनाबाईची शेळ्यांची झोपडी हाय. ती रोज तिथं बसती.

सोमेश्वर : कधीपासून?

बद्रीनाथ : चार म्हैने झाले आसतील.

सोमेश्वर : चार म्हैने! आन तू मला...

बद्रीनाथ : हाव, अण्णा. चार म्हैने.

सोमेश्वर : हितलं काम झालं की दाखव मला. तू हो पुढं, मी मागनं येतो.